कॅशलेस

रविवारी सकाळी सुपारीच्या वाडीत मैनाबाईंच्या पायाला फुरसं चावलं. सून शिवानीने त्यांना रिक्षात घातलं आणि पर्स उचलली. गावातल्या सरकारी दवाखान्यासमोर येताच रिक्षावाल्या अंबाजीने ब्रेक मारला.

"हितं उतरवू ना?"

"नको. हायवेवरच्या नव्या हॉस्पिटलात घ्या. आमची पॉलिसी आहे, कॅशलेस."

"अहो, फुरसं चावलंय त्यांना. लस हितंच हाय ना?"

"इथे काय आहे ते मला नका सांगू!" शिवानी कडाडली. "माझ्या सासूला त्या गंजक्या खाटेवर नाही झोपवायचं मला."

नव्या हॉस्पिटलात कार्ड लगेच चाललं. मैनाबाईंना एसी खोली मिळाली, पांढरीशुभ्र चादर मिळाली. डॉक्टर मात्र त्यांचा सुजलेला पाय बघून थबकले.

"सापाची लस आम्ही ठेवत नाही. जवळचा सरकारी दवाखाना कुठला?"

शिवानीने आपल्याच गावाचं नाव सांगितलं.

"मग आधी तिथेच का नाही नेलंत?"

रिक्षा आल्या रस्त्याने परतली. मैनाबाईंच्या हिरड्यांतून आता रक्त येत होतं. दवाखान्याच्या पायरीवर शिपाई दत्तात्रेय एकटाच बसला होता. अंबाजी लांबूनच ओरडला, "लस काढ, लस!"

दत्तात्रेय धावत आला. रिक्षात शिवानीला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं सिस्टर, तुमीच आलात. फ्रीजची चावी तुमच्याच पर्समधी हाय."