अर्धा सूर खाली

"पियानोची एक पट्टी दाबते, कानात तिच्या खालची वाजते. सगळंच अर्धा सूर खाली," हिसानो म्हणाली.

डॉक्टर नागासेंनी मान हलवली. "कार्बामाझेपिन. फिटला हीच गोळी, मनाच्या चढउतारांना हीच, चेहऱ्याच्या नसेलाही हीच. एखाद्याच्या कानात सूर उतरतो. गोळी थांबली की परत जागेवर येतो. गालातली कळ कशी आहे?"

"बरी आहे म्हण ना, आई," मुलगा मागून पुटपुटला.

हिसानोने वळून पाहिलं नाही. "काय म्हणालास, केंगो? परत म्हण."

"आता कानही गेले, डॉक्टर."

*

संध्याकाळी पाचची धून. भोंग्यांवरून रोज वाजते, मुलांना घरी बोलावते. उतरलेली.

भात झाल्याची कुकरची धून. उतरलेली.

नवऱ्याच्या तसबिरीपुढची पितळी वाटी. सकाळी भात ठेवायचा, वाटी वाजवायची, हात जोडायचे. तीसुद्धा.

हामामात्सुमध्ये हिसानोने जन्मभर मुलांना पियानो शिकवला. गोळी सुरू झाली आणि तिने एकेक विद्यार्थी दुसऱ्या बाईंकडे पाठवला. पियानोच्या झाकणावर आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असतात. येताजाता ती त्यावरून हात फिरवते.

*

"कळ थांबली असेल तर आजपासून गोळी कमी करू," डॉक्टर म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत बंदच. मग वाजवा खुशाल."

केंगोचा चेहरा उजळला.

खिडकीची काच वाऱ्याने खडखडली. हिसानोने डावा गाल तळव्यात धरला.

"वारा लागला की अजून वीज चमकते, डॉक्टर."

"अजून?"

"दात घासतानाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "मग गोळी चालू ठेवू."

*

गाडीत ती नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली. बाहेर पाहत.

"बाबा असते ना, तर त्यांनी पियानोवर चड्ड्या-बनियन ठेवू दिले नसते," केंगो म्हणाला.

"तुझेच असतात ते."

दोघं हसली. बाबा पियानो सुरात लावायचे. केंगोचा आवाज फुटला तेव्हा म्हणाले होते, गळा माझाच दिलाय पोराला, फक्त तार अर्धा सूर जास्त ताणली गेली. स्वतःचा आवाज त्यांनी कधी ध्वनिमुद्रित करू दिला नाही. मी सूर लावतो, गात नाही, म्हणायचे. गेले तेव्हा मागे एक तसबीर राहिली, आणि अवजारांची पेटी.

"तुला परत वाजवताना ऐकायचंय गं मला."

"ऐकू नाही आलं. परत म्हण."

"आई, किती वेळा!"

पण त्याने म्हटलं.

*

केंगो कोपऱ्यावरच्या दुकानातून जेवणाला ग्योझा आणायला गेला.

हिसानोने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. कोरडा वारा थेट डाव्या गालावर आला. तिने बर्फाचा एक खडा काढला, डाव्या दाढेखाली धरला आणि कडकन फोडला.

काही झालं नाही. कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

तिने खिडकी लावली. संध्याकाळची गोळी जिभेवर ठेवून पाणी प्यायली. मग ओट्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून उभी राहिली.

दार सरकलं.

"आलो गं!"

"परत म्हण."

"आलो, आलो! काय गं तू तरी!"

हिसानोने डोळे मिटून घेतले. दारात तिचा नवरा बोलत होता.