उशाशी बोलणारी

"दार का लावलं होतं?" तिने विचारलं.

"वारा येत होता," तो म्हणाला आणि ते काळं, पाटीसारखं यंत्र त्याने उशीखाली सारलं.

वारा नव्हता. पडदा जागचा हलत नव्हता. तिने खुर्ची पलंगाशी ओढली, कालचं पुस्तक उघडलं आणि खूण काढून ती वाचायला लागली.

"जरा मोठ्याने," तो म्हणाला. "आणि अशी जवळ सरक, ग्रंथपालबाई."

जवळ सरक म्हणे! यंत्र आता उशीखालून निघून दोघांच्या मधोमध आलं होतं. त्याच्या कडेला एक बारीक दिवा मिणमिणत होता. बायको वाचतेय, तरी सवतीला उठवायचं नाव नाही.

"तिथे स्वल्पविराम आहे," तो मध्येच म्हणाला.

"तुम्हाला दिसला?"

"दिसतंय कुठे. तू धावलीस, त्यावरून कळलं."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती त्याने. डोळे गेले, खोड गेली नाही.

यंत्र आणलं लेकीने. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. त्याने ते वाढवत वाढवत नेलं, पानावर चार शब्द मावतील इतकं. मग ते चार शब्दही पुसट झाले. तिला वाईट वाटलं. आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. आता पुस्तकं परत येतील. वास असलेली, चहाचे डाग पडलेली, कुणीतरी कोपरा मुडपलेली. आणि ती उघडून वाचायला कोण लागणार? तीच.

पुस्तकं आलीही. रोज दुपारी वाचनालयातून येताना ती एखादं घेऊन यायची.

पण यंत्र बोलायला लागलं होतं.

दाराआडून शब्द कळत नसत. बाईमाणूस आहे, एवढं कळे. एकसारखी गुणगुण. आणि मध्येच तो हसायचा. तिच्या वाचण्यावर तो कधी हसला नव्हता. चुका मात्र भरपूर काढल्या होत्या.

"आई, यंत्रावर काय जळतेस?" लेक फोनवर म्हणाली.

"जळतेय कोण? विचारतेय फक्त. कोण बाई आहे ती?"

"बाबांनाच विचार की."

"म्हणजे तुलाही माहीत आहे!"

"आई, मला कामं आहेत गं," म्हणत लेकीने फोन ठेवला.

मग तिने त्यालाच विचारलं. भाजी निवडता निवडता, सहज विचारावं तसं.

"मला ऐकवा की कधी. काय एवढं गोड बोलते."

"नको. तुला नाही आवडायचा तो आवाज."

"आणि तुम्हाला?"

"मला आवडतो."

"वय काय असेल हो तिचं?"

"आवाजाला कुठे वय असतं," तो म्हणाला, आणि लाजल्यासारखा खिडकीकडे वळला. या वयात! तिने भेंडी अशी मोडली की बिया अंगणापर्यंत उडाल्या.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. तिने पुस्तक उघडलं, घसा खाकरला, दोन ओळी वाचल्या, आणि त्याने चाचपडत हात पुढे करून पान झाकलं.

"आज राहू दे. घसा बसलाय तुझा. जा, पड जरा."

"बसला तर बसला. वाचते ना मी."

"नको म्हटलं ना."

ती उठली. स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच मागे दार लागलं, आणि गुणगुण सुरू झाली.

आपला घसा बसलेला. हिचा कधी बसत नाही. ही दमत नाही, ही सकाळी कामावर जात नाही, हिचे स्वल्पविराम जिथल्या तिथे. उद्या आपली खुर्ची पलंगाजवळून कायमची हलणार, हे तिला लख्ख दिसलं.

तो लेकीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला, तेव्हा तिने उशी उचलली.

यंत्राला ना वास, ना वजन. बोट लावलं तशी एक यादी उघडली. नावं नव्हती, एकाखाली एक नुसते आकडे. बोट दाबून धरलं की ते विचारायचं: काढून टाकायचं?

वाचनालयात फाटकी पुस्तकं काढायचं काम तिचंच. पहिल्या पानावर ‘बाद’चा शिक्का मारायचा आणि पुस्तक खाली टाकायचं. हात कसा, न अडखळता चालतो.

हो. बाद.

हो. बाद.

बाद. बाद. बाद.

यादी आखडत गेली. छातीत एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. खालच्या टोकाला एकच ओळ उरली, आणि तिथे बोट नीट टेकलं नाही. विचारायच्या ऐवजी यंत्र बोलायलाच लागलं.

शी! हा आवाज? किनरा, नाकातून येणारा. ओळीच्या शेवटी उगाच हेल काढणारा. आणि याच्यावर ते भाळले? तिला हसूच आलं. ऐकू या तर खरं, म्हणून तिने यंत्र कानाशी नेलं.

बाई वाचत होती. वाचता वाचता थबकली.

"अगंबाई, दूध!" बाई म्हणाली. "थांबा हं, आलेच मी."

खुर्ची सरकली. पावलं लांब गेली. मग अगदी जवळून, पुटपुटल्यासारखा, त्याचा आवाज आला:

"सावकाश जा, ग्रंथपालबाई. धडपडशील."