उतर खाली

ट्रक दुसऱ्या बॅटरीवरून जंप दिल्याशिवाय सुरूच होत नव्हता. बॅटरी नवी होती. आज माल पोचला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं, आणि माझं डोकं फिरलं होतं.

“गाडी बंद असतानाही कोणीतरी करंट खातंय,” मिस्त्री म्हणाला. त्याने बॅटरी आणि वायरच्या मध्ये टेस्टचा दिवा जोडला. “चोर सापडला की हा विझेल.”

हॉर्नचा फ्यूज काढला. दिवा पेटलेलाच.

हेडलाइटचा काढला. पेटलेलाच.

शेवटी एकही फ्यूज उरला नाही. तरी पेटलेलाच.

“त्यांची गाडी आहे, भावोजी,” घराच्या दारातून वहिनी म्हणाली. “जरा प्रेमाने घ्या.”

“प्रेमाने? जिवंत होता तोवर दादाने मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि आता मेल्यावरही तेच!”

वहिनी आत गेली. मी टायरला लाथ घातली.

“बास झालं, दादा! उतर खाली! घरी जा!”

ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला. स्प्रिंगचे पाटे कुरकुरले आणि केबिन जराशी वर उचलली गेली. मग दरवाजा आपटला. दादा आपटायचा तसाच, दोनदा.

दिवा विझला.

मिस्त्रीने माझ्याकडे न बघता दिवा काढून वायर बॅटरीला जोडली आणि फ्यूज परत बसवले. मी किल्ली फिरवली. जंपच्या केबल जमिनीवरच पडल्या होत्या, आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

“बघ, ऐकतो की नाही!” मी ओरडलो.

“भावोजी,” घरातून वहिनीची हाक आली, “सगळे पंखे एकदम मंद का झाले?”