बोंबलाचे दात

पालीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत घालणं चाललं होतं. एकीने बोंबलाचा जबडा उघडून धरायचा, दुसरीने त्यात दुसरा बोंबील अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. प्रत्येक पाटीशी दोघी बसल्या होत्या. टेरेझाच्या पाटीशी मात्र ती एकटीच.

मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हाताची कातडी पांढरी, चकचकीत आणि लाकडासारखी कडक झाली होती. बोटं पुरती मिटत नव्हती. बोंबील वाळूत पडे. ती तो उचली, बादलीत धुई आणि पुन्हा अडकवू बघे.

"मुंबईचा डॉक्टर काय बोलला, बाय?" पलीकडच्या पाटीवरून लिनेटने विचारलं. लिनेट तिची धाकटी जाऊ. गेल्या वर्षापर्यंत टेरेझाच्या समोर तीच बसायची.

"महारोग न्हाय, बोलला. कातडी घट्ट होते. दोन रोग एकावर एक चढलेत. एक कुठं संपतो नि दुसरा कुठं लागतो, ते त्यालापण सांगता येत न्हाय."

"पण झाला कशानं?"

"ते त्यानं मलाच विचारलं. मार लागलेला? किडा चावला? पाटी घासते? मी सगळ्याला हो बोलले."

बायका हसल्या. लिनेट हसली नाही. नव्वद साली दवाखान्यातल्या बाई गावात येऊन सांगून गेल्या होत्या, महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही. ती उठली. हातात बोंबील होताच.

"हात दे."

टेरेझाने हात पुढे केला. लिनेटने बोंबलाचे दात त्या पांढऱ्या कातडीवर दाबले.

"आय गो!" टेरेझाने हात मागे ओढला. कातडीवर रक्ताचा एक ठिपका उमटला.

"दुखलं!" लिनेट सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "दुखलं गो हिला!" मग ती टेरेझाच्या पाटीसमोर फतकल मारून बसली. तोच बोंबील तिने जबडा उघडून पुढे धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अडकव, बाय."

टेरेझा हातावरच्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"आणि न्हाय दुखलं असतं तर?"

लिनेटच्या हातातल्या बोंबलाचं तोंड तसंच उघडं राहिलं.