एक दिवसाआड

इंग्रजी विभागाची कोऑर्डिनेटर म्हणून प्रत्येक शिक्षकाने तपासलेले काही पेपर मी पुन्हा तपासते. काल 'माय फादर' या निबंधापाशी अडले. सकाळच्या सत्रातली मुलगी आणि दुपारच्या सत्रातला मुलगा. दोघांचेही बाबा दाढी करताना शीळ घालतात, चष्मा फ्रिजमध्ये विसरतात आणि एक दिवसाआड रात्रपाळीला जातात.

कॉपी ठरली तर दोघांना शून्य, आणि सही माझी. आज दोघांना समोर बसवलं. "मी ह्याला ओळखतसुद्धा नाही," मुलगी रडकुंडीला आली. मुलगा मान वर करेना. "माझे बाबा खरंच तसे आहेत, मॅडम."

म्हटलं, आता सोक्षमोक्ष लावायचाच. क्लार्कने आधी मुलीच्या वडिलांना फोन जोडून दिला. फोनवर कारणं सांगत बसायची माझी पद्धत नाही. "शाळेतून बोलतेय, इंग्रजी विभाग. पाल्याबद्दल बोलायचंय, लगेच या." ते "निघतो" म्हणाले.

मग मुलाच्या वडिलांना फोन लावून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.



पलीकडचा आवाज वैतागला, "अहो मॅडम, आत्ताच म्हटलं ना, निघतो म्हणून."