थरथरणारी पाटी

"अहो, उतरा आता! अंगात आल्यागत घुमताय."

यांनी हौसेनं मागवलेल्या व्यायामाच्या मशीनची काळी पाटी थरथरत होती, आणि तिच्यावर उभे असलेले हेही.

"फिरण्यापेक्षा हे बरं. घरातच ताकद येते."

मी खोक्यावरची सूचना अक्षर लावत वाचली. 'दहा मिनिटांहून जास्त वापरू नये.' यांना अर्धा तास झाला होता. मी बटण बंद केलं.

पाटी थांबली. यांचा उजवा हात थांबला नाही.

मी तो घट्ट धरला. साठीला आल्यावर मला अक्षरं गिरवायला शिकवणारा हाच हात.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. मशीनवर असलो की कुणाला कळत नाही गं."

"डॉक्टरांकडे चला."

"जाऊ. आधी बटण दाब. सूनबाई येतेय."