तिसरं गाणं

वासंतीताईंच्या भावगीतांची एकुलती एक सीडी निघाली, त्याला अठरा वर्षं झाली. "तिसऱ्या गाण्याला माझ्या डोळ्यांत आजही पाणी येतं," असं त्यांचे यजमान विद्याधरराव येईल त्या पाहुण्याला सांगत, आणि ताई खाली मान घालून हसत.

आज सकाळी ताई म्हणाल्या, "अहो, माझी विद्यार्थिनी दुपारी सीडी न्यायला येतेय. माझ्याकडच्या संपल्या. तुमची काढून ठेवा."

ताई मंडईत गेल्या आणि विद्याधररावांनी कपाट उघडलं. सीडीवरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. फोडायचं राहूनच गेलं होतं, आणि अठरा उन्हाळ्यांत ते डबीला असं चिकटलं होतं की नख शिरेना. मग ताईंचा हेअर ड्रायर आला, खोबरेल तेल आलं, चिकटा पुसण्यात धुतलेला रुमाल गेला. तासाभराने डबी लख्ख झाली. निदान आतल्या कागदावर तिसऱ्या गाण्याचे शब्द तरी बघून ठेवावेत, म्हणून त्यांनी ती उघडली.

आत सीडी नव्हतीच. ताईंच्या अक्षरात एक चिठ्ठी होती : 'पॅकिंगला एक सीडी कमी पडली, म्हणून तुमची डबी रिकामीच पॅक केली आहे. उघडलीत की सांगा, लगेच दुसरी देते.'

भाजीची पिशवी खाली ठेवत दारातून ताई म्हणाल्या, "तेल जागेवर ठेवा. आणि डोळे पुसायला कोरडा रुमाल घ्या."